पाखरांचे डोळे आले

आपली बायको देवकी गेल्याचं नागूला शेजारच्या गणपतीकडून कळलं.

नागूच्या वाडीत फोनला रेंज नाही. रेंज मिळते ती वरच्या अंगाला, एका काजूच्या झाडाखाली, आणि तिथंही एका जागी न हलता उभं राहावं लागतं. गणपती त्या सकाळी तिथं आपल्या मुलीशी बोलत होता, तर मध्येच धारवाडहून ओंकारचा, नागूच्या मुलाचा, फोन आला. गणपती खाली उतरला तो नेहमीसारखा पुढच्या अंगणातून आला नाही. परसातून आला, आणि आल्या आल्या पायातल्या चपला काढल्या. परसात कोणी चपला काढत नाही. नागू तेव्हा पाखरांच्या काठवटीत तांदळाची कणी टाकत होता. त्यानं गणपतीच्या अनवाणी पायांकडं बघितलं, मुठीत उरलेली कणी डब्यात परत टाकली आणि डब्याचं झाकण लावलं.

"ओंकारचा फोन आलता," गणपती म्हणाला.

"कवा?"

"आत्ताच."

पुढचं गणपतीनं सांगितलं नाही, नागूनंही विचारलं नाही. मग गणपतीनं गायीला वैरण घातली आणि नागूनं बदलायला धोतर शोधलं.

देवकी पाच दिवस धारवाडच्या दवाखान्यात होती. कावीळ झाली होती आणि ती लिव्हरवर उतरली होती. नागू पहिले तीन दिवस तिच्याजवळ होता. मग गाय व्यायला झाली म्हणून तिनंच त्याला घरी लावून दिलं. निघताना तो खाटेजवळ उभा राहिला तेव्हा ती अर्धी ग्लानीत होती. तरी म्हणाली, "गाईचं गणपतभावजी बी बघतील. पाखरांकडं तुम्ही बघा." त्याच्याशी ती हे शेवटचं बोलली. लोक जाताना पोराचं नाव घेतात, देवाचं घेतात. देवकीनं पाखरांचं काढलं, आणि नागूला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ती तशीच होती.

काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायचं लाकडी भांडं. ही काठवट नागूच्या आईची होती. एका बाजूनं चिरली तशी देवकीनं स्टीलची परात आणली आणि काठवट परसातल्या एका तोडलेल्या फणसाच्या बुंध्यावर ठेवली. रोज त्यात मूठभर कणी, भाकरीचा चुरा, कधी काळं पडलेलं केळं. चिमण्या यायच्या, साळुंक्या यायच्या, आणि सगळ्यांत जास्त यायचे ते बुलबुल. डोक्यावर तुरा, गालावर लाल ठिपका, आणि अंगात मस्ती. आपण खातील, दुसऱ्याला खाऊ देणार नाहीत. गणपती म्हणायचा, वहिनी, तुमच्या घरात माणसांपेक्षा पाखरांचीच पंगत मोठी. देवकी म्हणायची, पाखरं जेवून गप निघून जातात, तुमच्यासारखी वर बिडी मागत बसत नाहीत.

बारावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, ओंकार फोंड्याला आपल्या कारखान्यात परत गेला. नागू साठीचा माणूस, घरात एकटा. भात राखलं, कापलं, मळलं. स्वतःपुरतं शिजवायला शिकला. पण पाखरांचं एकही दिवस चुकवलं नाही. एकदा अंगात ताप होता तर भिंत धरत धरत परसात गेला आणि काठवटीत कणी टाकून आला. देवकीनं सांगितलं होतं, म्हणून.

आणि एक दुसरं कारण होतं. ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात सगळ्या तालुक्यात डोळ्यांची साथ होती. जोयड्याच्या बाजारात दर तिसरा माणूस काळा चष्मा लावून फिरत होता. इकडं डोळे आले की माणसानं चष्मा लावायचा नाहीतर पदर ओढून घ्यायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. बघितलं की आपल्याला येतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही, ज्याला त्याला ठाऊक असतं. देवकीचे डोळे आले तेव्हा तिनं स्वतःच बजावलं, की माझ्याकडं बघू नका, लावणी व्हायची आहे, तुमचे डोळे आले तर चिखलात कोण उतरणार. ती आतल्या खोलीत निजू लागली. पदर नाकापर्यंत ओढून भाकऱ्या थापायची, ताट पुढं सरकवायची. नागू ताटाकडं बघून जेवायचा आणि शेताकडं जायचा. बोलणं व्हायचं, भांडणसुद्धा व्हायचं, फक्त बघणं व्हायचं नाही. मग नागपंचमीला तिला ताप भरला. अन्न जाईना. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली. डोळे बरे झाले असं तिनं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. पंचमीनंतर दोन दिवसांनी सकाळी तिला उठवेना तेव्हा त्यानं वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप बोलावली. जीपमध्ये बसवताना तिचा पदर सरला आणि नागूनं किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. ते हळदीसारखे पिवळे होते.

धारवाडला डॉक्टरनं कानडीतून विचारलं, डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले. ओंकार फोंड्याहून तडक तिथं पोचला होता आणि शेजारीच उभा होता. दोघंही उत्तराची वाट बघत होते. घरात एकच माणूस बरोबर राहतं, आणि त्याच्या डोळ्यांचा रंग याला माहीत नाही, हे पोरासमोर कसं सांगायचं?

"एरडु दिवसा," तो म्हणाला. दोन दिवस. मनानंच ठोकून दिलं. डॉक्टरनं लिहून घेतलं.

पुढं ती गेल्यावर त्याच डॉक्टरनं ओंकारची समजूत घातली, की कावीळ कधीकधी अशी झपाट्यानं चढते, दोन दिवसांत तुम्ही आणलंत, याहून लवकर कोणी आणत नाही, मनाला लावून घेऊ नका. ओंकारनं ते बापाला सांगितलं. पाहुण्यांना सांगितलं. बाराव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. जो तो नागूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, तुमचं काही चुकलं नाही. नागू मान हलवायचा. आत त्याला वाटायचं, ही सगळी माणसं माझ्या खोट्यावर उभी राहून मलाच धीर देतायत. दोन दिवस होते का दहा होते? ज्यानं बघायचं त्यानं बघितलंच नव्हतं. म्हणून पाखरांचं तरी त्याला चुकवायचं नव्हतं.

असे पाच-सहा महिने गेले. पौष सरत आला. सकाळी धुकं एवढं पडायचं की गोठा दिसत नसे.

एके दिवशी नागू कणीचा डबा घेऊन परसात गेला, तशी नेहमीप्रमाणं सगळी पाखरं भर्रकन उडाली. एक बुलबुल उडाला नाही. काठवटीच्या काठावर अंग फुगवून बसून राहिला. त्याचा तुरा मधूनच वाकलेला होता. नागू हातभर अंतरावर गेला तरी तो बसलेलाच. त्याचा एक डोळा मिटला होता, भोवतीचं सुजून लाल झालं होतं, आणि पिसं एकमेकांना चिकटली होती.

नागूनं पटकन मान फिरवली.

सवयीनं फिरली. मग ती फिरली हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःचा राग आला. त्यानं डबा खाली ठेवला, पुन्हा पाखराकडं तोंड केलं आणि नीट बघितलं. पापणी बघितली, तिच्या कडेला वाळलेला पिवळा चिकटा बघितला. बुलबुलानं मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं त्याला बघितलं, उडाला, आणि कपडे वाळत घालायच्या वेळूवर आपटला.

त्या दिवसापासून नागू रोज सकाळी परसात धोंड्यावर बसून पाखरांचे डोळे बघू लागला. चार दिवसांत आणखी तीन बुलबुल तसे दिसले, आणि दोन चिमण्या. एका चिमणीचे दोन्ही डोळे बंद होते. ती कणीच्या शेजारी लाकडावर चोच मारत होती. नागूला ते बघवेना, तरी तो बघत बसला. पाचव्या दिवशी जास्वंदीच्या बुडाशी एक बुलबुल मरून पडलेला सापडला. वाकड्या तुऱ्याचा नव्हता, दुसरा होता.

गणपती आला, त्यानं एकदा काठवटीकडं बघितलं आणि हात डोळ्यांवर धरला.

"पाखरांचे डोळे आल्यात की रे. बघू नगंस तिकडं."

नागू बघतच होता. गणपतीनं पाठमोरं उभं राहून सल्ला दिला, की काठवट चुलीत घाल, पाखरांना धोंडे मारून हाकल, नाहीतर साथ घरात शिरेल.

"शिरू दे," नागू म्हणाला. "घरात हाय कोण?"

गणपती उगाच गोठ्याकडं गेला आणि गाईला नावं ठेवून परत आला.

नागूनं आपल्या अकलेनं एक केलं. पाखरं अशक्त झाली आहेत, तर त्यांना जास्त खायला पाहिजे, असं त्याला वाटलं. एका मुठीच्या जागी तीन मुठी कणी, आणि केळ्याचे दोन-दोन तुकडे रोज. झालं उलटंच. जास्त खाणं बघून जास्त पाखरं जमली, एकमेकांना ढकलत एकाच काठवटीत चोची घालू लागली. आजारी पाखरं काठावर डोळे घासायची, आणि ती उडाली की धड पाखरू नेमकं त्याच जागी येऊन बसायचं. हे नागूला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र त्याला लागत नव्हता. आणखी एक चिमणी मेली.

शेवटी तो फुलाकडं गेला. फुला वाडीतली आरोग्यकेंद्राची आशाताई, तीन घरं सोडून राहते. तापाच्या गोळ्या, बाळंतिणींची कागदं, विहिरीत टाकायची पावडर, सगळं तिच्याकडं. देवकीला ती अक्का म्हणायची, म्हणून नागू तिचा दाजी. नागूनं डोळ्यांत घालायचे थेंब मागितले. फुलानं आधी त्याला उजेडात ओढून त्याच्याच पापण्या खाली करून बघितल्या. काही नव्हतं. तेव्हा त्यानं सांगितलं, की पाखरांसाठी पाहिजेत.

फुला हसली. "आणि पाखरू धरून त्याची पापणी कोण वढणार, दाजी? तुम्ही का मी?"

हे नागूच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोही कसनुसं हसला. फुला मात्र चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाली. परसात येऊन तिनं काठवटीच्या चिरेतून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि विचारलं, की ही धुता कधी. नागू म्हणाला, धुवायची कशाला, पाखरंच तर चाटूनपुसून साफ करतात.

फुला त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते सगळ्या वाडीतल्या बायकांना माहीत होतं. देवकी रोज पहाटे काठवट विहिरीवर आणायची, राख आणि नारळाच्या काथ्यानं खरखरून घासायची, गरम पाण्यानं विसळायची, आणि ऊन चढेपर्यंत धोंड्यावर पालथी घालायची. विहिरीवर बायका तिची थट्टा करायच्या, की देवकी पाखरांकडं भांड्याला लागली आहे. चार वर्षं तिनं हे केलं. नागू तोंड धुऊन परसात यायचा तेव्हा काठवट जागेवर असायची. ती आपोआप स्वच्छ राहते असंच तो समजत होता.

तो मागच्या दारच्या पायरीवर बसला.

"मी तिच्याकडं बघितलंच न्हाई, फुला."

फुलाला वाटलं, काठवटीचंच बोलतोय. ती म्हणाली, पुरुषमाणसांना कुठं दिसतं हे. नागूनं मान हलवली आणि मग एकदाचं सगळं सांगितलं. ताटाकडं बघून जेवल्याचं, जीपमध्ये पदर सरल्याचं, डॉक्टरच्या प्रश्नाचं, आणि एरडु दिवसाचं. सांगताना तो जमिनीकडं बघत होता.

"पण अक्काच्या डोळ्यांत थेंब मी घालत होते की," फुला म्हणाली. "तुम्ही शेताकडं गेल्यावर. रोज दोन बारी."

नागूनं वर बघितलं. "तू बघितलंस तिच्या डोळ्यांत?"

"न बघता थेंब घालतात व्हय, दाजी?"

पुढचा प्रश्न विचारायची नागूला भीती वाटत होती. कारण फुला जे सांगेल ते खरं असणार होतं आणि नंतर ते बदलता येणार नव्हतं. तरी त्यानं विचारलं. शेवटचे थेंब कधी घातलेस, आणि डोळे कसे होते?

फुलाला आठवावं लागलं नाही. पंचमीच्या सकाळी, बायका वारुळाला निघायच्या आधी. डोळे निवळले होते, पांढरेधोप झाले होते, म्हणून तर तिनं थेंब बंद केले. पिवळं असतं तर तिला दिसलं असतं. कावीळ बघायलाच तिला शिकवलेलं आहे. "तिनं आरशात बघितलं," फुला म्हणाली, "न् म्हणाली, आता ह्यांना सांगाय पायजे, बघितलं तरी चालतंय म्हणून."

"तिनं सांगितलं न्हाई."

"सांजेलाच ताप भरला की तिला. कुठनं सांगंल?"

नागूनं बोटं धरली. पंचमीच्या सकाळी पांढरे. दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी जीप. त्यानं परत मोजलं, आणि परत. दोनच भरले. डॉक्टरला त्यानं दिलेलं उत्तर खोटं म्हणून दिलं होतं आणि ते खरं निघालं होतं. म्हणजे डॉक्टर ओंकारला जे बोलला होता तेही खरं होतं. बाराव्याला खांद्यावर हात ठेवून लोक जे बोलले होते, तेही.

तो रडला नाही. त्याला एकदम भूक लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तसं गेल्या कित्येक दिवसांत धड खाल्लं नव्हतं. फुला, तुझ्याकडं भाकरी हाय काय, असं त्यानं विचारलं, आणि फुलानं घरी नेऊन त्याला दोन भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं वाढलं. त्यानं तिसरी मागून घेतली.

फुलाचा धाकटा भाऊ प्रवीण कुळगीच्या जंगल कॅम्पात पर्यटकांना पाखरं दाखवायचं काम करतो. फुलानं त्याला निरोप धाडला. तो रविवारी मोटरसायकलवर आला, गळ्यात दुर्बीण. परसात तासभर बसला, आजारी पाखरं बघितली, मेलेली कुठं पुरली ते विचारलं. नागूला तोही दाजी म्हणत होता आणि बोलताना घाबरत होता, कारण जे सांगायचं ते या माणसाला आवडणार नाही हे फुलानं त्याला आधीच बजावलं होतं.

त्यानं सांगितलं ते असं. रानात पाखरं विखरून खातात. इथं सगळी एका भांड्यावर येतात, एकाच्या डोळ्यातलं पाणी काठाला लागतं, तिथून ते दुसऱ्याला लागतं. माणसांचं टॉवेलानं होतं तसंच. बघितल्यानं काही होत नाही. औषध घालायला जाऊ नका, पाखरू धरलं तर भीतीनंच मरेल. खाणं बंद करा म्हणजे पाखरं पांगतील. काठवट काढा. तीन आठवडे इथं कणीचा दाणा पडता कामा नये.

"उपाशी मरतील की," नागू म्हणाला.

"दाजी, रानात वड-उंबर लगडल्यात. तुमच्या दारात शेवगा फुललाय. ती तुमच्याकडं पोटासाठी येत न्हाईत, आयतं मिळतंय म्हणून येतात."

नागूला हे ऐकून बरं वाटलं का वाईट, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. देवकीनं पाखरांकडं बघायला सांगितलं होतं आणि हा पोरगा कणी बंद करायला सांगत होता. त्या संध्याकाळी तो खूप वेळ काठवटीपाशी उभा राहिला. मग ती उचलून विहिरीवर नेली. राख, काथ्या, कढत पाणी. चिरेत सहा महिन्यांचं केळं दगडासारखं बसलं होतं, ते खिळ्यानं खरवडून काढलं. फुलानं दिलेली विहिरीची पावडर पाण्यात कालवून वरून ओतली. विहिरीवरच्या बायका बघत होत्या. कोणी थट्टा केली नाही. एकीनं त्याला पाणी शेंदून दिलं. नंतर त्यानं बुंधाही घासला आणि खाली पडलेली जुनी कणी खराट्यानं लोटून पुरून टाकली.

पहिला आठवडा वाईट गेला. पाखरं सकाळी यायची, रिकाम्या बुंध्यावर बसायची आणि कलकलाट करायची. बुलबुल तर सरळ शिव्या दिल्यासारखे ओरडायचे. नागू दोनदा डबा घेऊन उठला आणि दोनदा बसला. तिसऱ्यांदा त्यानं डबाच फुलाच्या घरी नेऊन ठेवला.

गणपतीनं विचारलं, "पाखरांना एकादस धरायला लावलास व्हय?" पण दुसऱ्या दिवशी तोही बघायला आला. पावसाळ्यात साथीत घेतलेला काळा चष्मा लावून आला. बघितल्यानं काही होत नाही हे प्रवीणनं सांगितलंय, असं नागू म्हणाला, तर गणपती म्हणाला, त्याचं बरोबर असंल, पण चष्मा घरात पडूनच हाय. दोघं धोंड्यावर बसले. धुक्यात काळा चष्मा लावून गणपतीला काही दिसत नव्हतं. दर थोड्या वेळानं तो विचारायचा, बसलाय का उडाला, आणि नागू त्याला सांगायचा.

पाखरं खरंच पांगली. काही रोज यायची, पण एकत्र नाही. एखादं जास्वंदीवर, दोन शेवग्याच्या फुलांत, चिमण्या मळणीच्या खळ्यावर. नागू आता त्यांच्या मागं मागं जाऊन बघायचा. दोन्ही डोळे गेलेली चिमणी पुन्हा दिसली नाही. आणखी एक बुलबुल कुंपणाजवळ मेलेला सापडला, त्याला त्यानं खोल खड्डा करून पुरलं. त्यानंतर मेलेलं सापडलं नाही.

वाकड्या तुऱ्याचा रोज शेवग्यावर असायचा. बाराव्या दिवशी नागूला वाटलं, पापणीच्या मधोमध एक काळी रेघ दिसतेय. गणपतीला विचारलं, पण त्याला काही सांगता येईना. चौदाव्या दिवशी ती रेघ नक्की होती. सूज उतरली होती, चिकटा वाळून गळला होता, तिथली पिसं तेवढी विरळ होती. नागूला फुलाला बोलावून आणावंसं वाटलं, पण ती लसीकरणाला गेली होती. अठराव्या दिवशी सकाळी धुकं विरल्यावर तो बुलबुल शेवग्यावरून खाली वेळूवर उतरला आणि नागूकडं तोंड करून बसला. दोन्ही डोळे उघडे. गोल, काळे, पाण्यासारखे चकचकीत. मागून दुसरा बुलबुल येऊन शेजारी बसला, तशी यानं त्याला चोच मारून हाकललं.

नागू मोठ्यानं हसला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं येऊ दिलं. गणपतीनं चष्मा वर केला आणि विचारलं, काय झालं. नागू म्हणाला, मस्ती परत आली.

तीन आठवडे पुरे झाले तेव्हा प्रवीण पुन्हा येऊन बघून गेला. आजारी पाखरू एकही दिसत नव्हतं. आता घालायचं तर घाला, म्हणाला, पण थोडं, आणि लांब लांब चार ठिकाणी करवंट्यांत, आणि रोज धुऊन. नागूनं आठ करवंट्या घासून ठेवल्या, चार आजच्या आणि चार उद्याच्या. फुलाकडून कणीचा डबा आणला. त्या रात्री त्याला बिछान्यावर पडल्या पडल्या झोप लागली, आणि सकाळी गाय हंबरली तेव्हाच जाग आली.

शिमग्याला ओंकार चार दिवसांची सुट्टी काढून येणार होता. नागूनं त्याच्यासाठी आतली खोली सारवून घेतली, पोह्यांसाठी भात भिजत घातलं. पाखरांचं सगळं त्याला सांगायचं होतं, ते सोपं होतं. फुलानं आईच्या डोळ्यांत थेंब घातले होते हेही सांगता आलं असतं. दोन दिवस हे खरं निघालं होतं, पण ते आपण बघून सांगितलं नव्हतं, एवढं ओंकारला सांगायचं अजून राहिलं होतं.